ओढ्यावर बाग होतेय. ओढ्याचं काय करावं?

मोकळी_जागा | 8 जानेवारी, रात्री 9:40

नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहिते. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी राहते. गावाचं नाव लिहीत नाही. काम अजून ठरायचंय, आणि ज्यांच्याशी बोलायचंय ती रोज समोर येणारी माणसं आहेत.

आमच्या वसाहतीत दोनशेच्या आसपास घरं. ले-आउट पडला तेव्हा सोडलेली 28 गुंठे मोकळी जागा आहे आणि तिच्या उगवतीच्या अंगानं ओढा जातो. पावसाळ्यात चार-पाच वेळा दुथडी भरतो, एरवी दोन गल्ल्यांचं मोरीचं पाणी तेवढं वाहतं. जागेत एक म्हातारा कडुनिंब, पाच बाभळी, एक हिवर, दोन बोरी आणि बाकी गवत. संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात. वर्षातून एकदा मेंढरंवाले उतरतात.

आता सुशोभीकरणाला निधी आलाय. नकाशा मी पाहिला. ओढा सिमेंटच्या नळ्यांत घालायचा, वर भराव टाकून जागा सपाट करायची, कडेनं पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, मधे लॉन, लॉनच्या मधे कारंजं, कुंपणाला लागून कोनोकार्पसच्या झाडांची रांग. बाभळी आणि हिवर 'काटेरी झुडपं' म्हणून काढायची.

सगळे खूश आहेत आणि त्यांचं चुकतंय असं मला म्हणवत नाही. पंधरा वर्षं इथं बसायला एक बाकडं नव्हतं. पण नकाशातलं ते कारंजं पाहिलं आणि मला 2016 चा उन्हाळा आठवला. माझं माहेर लातूर. मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं ते दिवस. आई भाजी धुतलेलं पाणी तांब्यात धरून तुळशीला घालायची. धाकटा भाऊ रात्री दोन वाजता टँकरच्या जागी घागर ठेवून नंबर लावून यायचा. त्या गावची मुलगी मी, कारंज्याला टाळ्या कशा वाजवू?

वॉर्डाची बैठक 25 तारखेला आहे. 'हे नको' एवढंच म्हणून तिथं उभं राहण्यात अर्थ नाही. 'मग काय हवं' ते कागदावर न्यायचंय. या विषयातल्या माणसांनी मदत करावी, ही विनंती.

सांजवारा | 8 जानेवारी, रात्री 10:15

ताई, बाकी काहीही होऊ द्या, ओढा नळ्यांत घालू देऊ नका. आमच्या घरामागचा घातला होता. काही वर्षं गल्ली छान दिसली, वर गाड्या लागायला लागल्या. 2025 च्या सप्टेंबरात जो पाऊस झाला त्यात नळीच्या तोंडाशी एक गादी आणि गोण्याभर प्लास्टिक अडकलं आणि सगळं पाणी रस्त्यानं घरात आलं. गुडघाभर. आईचा पलंग आम्ही दोघा भावांनी उचलून टेबलांवर ठेवला, तीही पलंगावरच होती. उघडा ओढा भरला की निदान दिसतो तरी. नळी भरली हे कळतं तेव्हा पाणी उंबऱ्यावर आलेलं असतं.

माती_आणि_रेघा | 9 जानेवारी, सकाळी 7:05

मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे, संभाजीनगरला काम करते. जरा सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा एक हिशोब. तो तुमच्या कागदाच्या पहिल्या ओळीत लिहा. 28 गुंठे म्हणजे जवळपास 2,800 चौरस मीटर. मराठवाड्याचा सरासरी पाऊस 700 मिलिमीटरच्या जरासा आत. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. म्हणजे तुमच्या त्या तुकड्यावर नुसतं आभाळातून वर्षाला 19 लाख लिटरच्या आसपास पाणी पडतं. लातूरला आलेल्या जलदूत गाडीच्या पहिल्या खेपेत दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होतं. तशा जवळपास चार गाड्या दरवर्षी तुमच्या दारात रिकाम्या होतात. सध्याच्या नकाशात त्यातल्या बहुतेक पाण्याला पेव्हरवरून गटारात आणि गटारातून गावाबाहेर घालवायची सोय केलेली आहे.

आता लॉन. समजा दहा गुंठे. मे महिन्यात लॉन हिरवं ठेवायचं तर चौरस मीटरला दिवसाला पाच-सहा लिटर पाणी द्यावंच लागतं. दहा गुंठ्यांना रोजचे पाच-सहा हजार लिटर, म्हणजे रोज एक लहान टँकर. ते पाणी बोअरमधून काढणार. आपल्या बेसॉल्टच्या खडकात पाणी साठतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरात, फार थोडं. फेब्रुवारीत बोअर गुळण्या टाकायला लागतो. लॉन एप्रिलमध्ये जळतं, जूनमध्ये पुन्हा निविदा निघते. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षांत अशी दोन लॉनं काढून दिली आहेत. दोन्ही आज नाहीत.

मग काय करायचं? बाग ओढ्यापासून काढायला घ्यायची. ओढ्याला एकच उभी भिंत न देता तीन टप्प्यांचा काठ द्या. सगळ्यांत खाली रोजच्या धारेची अरुंद वाट, दगडांची. तिच्यावर दोन-तीन फूट उंचीचा टप्पा, जिथं मध्यम पाऊस आला की पाणी चढेल. इथं वाळा, लव्हाळा, करंज, वाळुंज, जांभूळ. त्याच्यावरचा पसरट टप्पा मोठ्या पुराचा. हाच मुलांचा क्रिकेटचा पट्टा. वर्षातले चार-पाच दिवस तिथं पाणी येईल आणि उरलेले तीनशेसाठ दिवस खेळ चालेल. मैदान आणि पूर एकाच जागेवर राहू शकतात, दोघांच्या वेळा वेगळ्या आहेत.

चालायचा ट्रॅक मुरमाचा, रोलर फिरवून दाबलेला, दोन्ही बाजूंना उतार दिलेला. ट्रॅकच्या खालच्या अंगाला वीतभर खोल पसरट खळगे. वरच्या गल्ल्यांचं पावसाचं पाणी त्यांत थांबेल, जिरेल, उरलेलं ओढ्यात जाईल. खोल खड्डे मुळीच नकोत.

आणि कोनोकार्पस कागदावरूनच काढायला लावा. गुजरात सरकारनं 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातलीय. मुळं नळांत आणि गटारांत शिरतात, परागकणांचा त्रास होतो, आणि पाखरांना त्याचा उपयोग जवळपास नाही.

निवृत्त_मास्तर | 9 जानेवारी, दुपारी 12:30

मी या बाईंच्या वसाहतीतला नाही, पण असल्याच एका वसाहतीतला आहे. दुसरी बाजू मांडतो, राग मानू नये.

आमच्याकडे दहा वर्षांपूर्वी 'नैसर्गिक' म्हणून जागा तशीच ठेवली. झालं काय? रात्री तिथं बाटल्या. सकाळी कचऱ्याच्या पिशव्या. पावसाळ्यात साप निघाला, दोनदा. एका मुलाच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला तो डॉक्टरकडे काढावा लागला. बायका संध्याकाळी सातनंतर तिकडून जात नव्हत्या. शेवटी पेव्हर टाकले, दिवे लावले, आज साठीच्या पुढची चाळीस माणसं रोज चालतात. माझी बायपास झालेली आहे, मला सपाट ट्रॅक लागतो. मुरमावर पावसाळ्यात चिखल होतो. आणि साचलेलं पाणी म्हणजे डास. डेंग्यूनं गल्लीतला एक तरुण मुलगा गेलेला आम्ही पाहिला आहे. लॉनचा हट्ट मीही धरत नाही, पण लोकांना बाग हवी आहे. रान नव्हे.

मोकळी_जागा | 9 जानेवारी, दुपारी 1:10

सर, राग कसला. बैठकीत हेच सगळं विचारलं जाणार आहे आणि माझ्याकडे उत्तरं नाहीत. काट्याचं आणि अंधाराचं तर मलाही पटतं. माझी मुलगी नववीत आहे.

हिवताप_विभाग_31वर्षे | 9 जानेवारी, संध्याकाळी 6:20

डासांबद्दल लिहितो. आयुष्य त्यातच गेलं.

डेंग्यूचा डास एडिस. तो ओढ्यात किंवा मातीच्या खळग्यात फारसा अंडी घालत नाही. त्याला स्वच्छ साठलेलं पाणी असलेलं भांडं लागतं. हौद, रांजण, कूलर, टायर, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे डबे. मराठवाड्यात तो वाढतो याचं मोठं कारण म्हणजे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं आणि प्रत्येक घरात पाणी साठवून ठेवावं लागतं. घरोघर फिरून हौद उपडे करायला लावायचं काम मी केलंय, बायका भांडायच्या आणि त्यांचं बरोबरच होतं, कारण ते पाणी गेलं तर परत कधी येणार? सुशोभीकरणातलं बंद पडलेलं कारंजं मात्र एडिसची आवडती जागा. सिमेंटचा काठ, पावसाचं पाणी, आत मासा नाही.

मोरीच्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. तो तुमच्या ओढ्यात आजही असणार.

अंड्यापासून उडता डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस जातात. म्हणून खळग्यातलं पाणी दोन-तीन दिवसांत जिरलं पाहिजे, एवढी एक अट घाला. जिरत असेल तर घाबरू नका. सातव्या दिवशीही तिथं पाणी दिसलं तर तो खळगा चुकलाय, बुजवा.

काळीभोर_रान | 10 जानेवारी, सकाळी 6:45

ताई मी कळंबकडचा. रोपवाटिका हाय, बागांची कामं बी घेतो. सगळे नकाशाचं बोलायलेत, मातीचं कुणी इचारलंच नाही. आदुगर खड्डा खांदा, मग नकाशा काढा.

काळी माती लै फसवी. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा. पैला पाऊस घटाघटा पिती. एकदा फुगली की भेगा मिटल्या, मग वर तळं साचलं तरी खाली उतरू देत नाही. तुम्ही काळ्या मातीतच खळगा केला तर मास्तर म्हणायलेत ते खरं हुईल, पाणी साचून ऱ्हाईल. खाली मुरूम कितीवर हाय ते बगा. मुरूम लागला की पाणी पितंय.

करायचं असं. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा. काठोकाठ भरा, जिरू द्या. पुन्हा भरा. आता काडी रोवून तासातासाला खूण करा. तासाला अर्धा इंच उतरलं तर खळगा चालतंय. त्याच्याखाली असलं तर आणखी खाली जा, मुरमापस्तोर, आणि त्यात दगडगोटे भरून वर जाड वाळू टाका. तीन जागी तरी करा. एकाच रानात चार पावलावर माती बदलती.

बाभळीचं म्हणाल तर काट्याला भेऊन झाड तोडू नका. खालच्या फांद्या सात-आठ फुटापर्यंत छाटा, छाटलेल्या तिथं पडू देऊ नका. काटा पायात मोडतो तो खाली पडलेल्या फांदीचा. सावली तर बाभळीची अशी की खाली गवत बी वाढतं.

माती_आणि_रेघा | 10 जानेवारी, सकाळी 9:30

दादांनी लिहिलंय ते मी सगळ्यांत आधी लिहायला हवं होतं. त्यात एक भर. काळ्या मातीवर उभी असलेली घरं माती फुगली-आकसली की तडकतात. म्हणून जिरवायचे खळगे कुठल्याही घराच्या पायापासून दहा-पंधरा फूट तरी लांब हवेत. हे बैठकीत तुम्ही स्वतःहून सांगा. कुणाची भिंत तडकली की दोष बागेलाच येणार.

मास्तरांच्या ट्रॅकबद्दल. सर, तुम्ही बरोबर आहात. वयस्कर माणसांसाठी कडक, सपाट पट्टा हवाच. सगळी बाग पेव्हरची करायची गरज नाही, चार फूट रुंद एक फेरा फरशीचा करा आणि बाकीच्या वाटा मुरमाच्या. फरशीचं पाणी एका बाजूला झाडांकडे उतरवा. झाडाच्या बुंध्याभोवती मात्र चारही बाजूंना किमान मीटरभर माती उघडी. दिल्लीतल्या झाडांच्या बाबतीत राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये हाच एक मीटरचा आदेश दिला होता. तुमच्या त्या म्हाताऱ्या कडुनिंबाला तर आणखी जास्त द्या. कडुनिंबाभोवती गोल सिमेंटचा पार बांधायची आपल्याकडे फार हौस आहे. त्या पारात भराव टाकला की बुंधा गुदमरतो आणि झाड पाच-सात वर्षांनी वाळतं, तेव्हा कारण कुणाला आठवत नाही.

दिवे लावा, पण डोक्याच्या खालच्या उंचीचे, जमिनीकडे पडणारे, वाटेच्या कडेनं. आणि घरांकडून बागेत नजर पोचली पाहिजे. छातीएवढ्या उंचीची दाट झुडपं वाटेलगत नकोत. गवत गुडघ्याच्या खाली, झाडाच्या फांद्या डोक्याच्या वर, मधली जागा मोकळी. बायकांना सुरक्षित वाटतं ते या मधल्या मोकळ्या पट्ट्यामुळे.

जुनी_बारव | 10 जानेवारी, रात्री 10:50

इथं थोडं इतिहासाचं बोलू का? आपल्या भागात बाग आधी आणि पाणी नंतर असं कधीच नव्हतं. मलिक अंबरनं 1610 मध्ये खडकी वसवली, तेच आजचं संभाजीनगर. त्यानं डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीनं गावात आणलं, जागोजागी साफसफाईला उतरायला मार्ग ठेवले. पुढं पाणचक्कीला पाणी मिळालं ते अशाच नहरीतून. पाणचक्कीच्या हौदाखाली मोठं दालन आहे, वर पाणी आणि खाली गारवा. वरून पडणारी धार पीठ दळायची, हौद भरायचा, झाडं जगायची. एकच पाणी किती वेळा कामाला येतंय बघा. बीडची खजाना विहीर घ्या, सोळाव्या शतकातली. तीही निव्वळ विहीर नाही, तिच्यातून भुयारी पाट काढून शेतं भिजवलेली आहेत. परभणी जिल्ह्यात वालूरला गोल, चक्राकार उतरणारी बारव आहे, आणि गावकऱ्यांनी तिथल्या बारवा स्वतः गाळ काढून मोकळ्या केल्या.

तुमच्या वसाहतीच्या जागेत किंवा शेजारच्या जुन्या मळ्यात एखादी बुजवलेली आड-विहीर असेल, चौकशी करा. जुन्या माणसांना ठाऊक असतं.

सांजवारा | 11 जानेवारी, सकाळी 8:00

नहरी राजांनी बांधल्या हो. आपल्या वॉर्डात राजा कुठला. मला वाटतं आत्ताच्या काळात कागद जास्त उपयोगाचा. ताई, भूमी अभिलेखमधून तुमच्या सर्व्हे नंबरचा गाव नकाशा काढा. ओढा त्यात दाखवलेला असतो, किती रुंद होता तेही कळतं. मराठवाड्यात खासरा पाहणी आणि सेतवार हे जुने कागदही मिळतात. आम्ही पूर आल्यावर काढले. आमच्या 'नालीची' रुंदी कागदावर अकरा मीटर निघाली. आधी काढले असते तर बरं झालं असतं.

झाडांसाठी 1975 चा कायदा आहे, महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. बाभूळ काटेरी आहे म्हणून ती त्यातून सुटत नाही. परवानगी लागते, लोकांच्या हरकती घ्याव्या लागतात. अर्ज आत्ताच द्या.

पुण्याहून_परभणीकर | 11 जानेवारी, दुपारी 3:15

मियावाकी पद्धतीचं घनवन का करत नाही? पुण्यात बऱ्याच ठिकाणी केलंय. तीन वर्षांत भिंतीसारखं दाट होतं. आणि सिंगापूरचं बिशन पार्क नक्की पाहा. कलांग नदीचा 2.7 किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा कालवा फोडून तिथं वळणं घेणारी तीन किलोमीटरची नदी केली, 2012 मध्ये पूर्ण झालं. चीनमध्ये 'स्पंज सिटी'ची कल्पना मांडणारे लँडस्केप आर्किटेक्ट कोंगजियान यू होते, 2025 च्या सप्टेंबरात ब्राझीलमध्ये विमान अपघातात गेले. शहरानं पाणी ढकलून न देता शोषून घ्यावं, हे त्यांचं म्हणणं. लहानपणी गावच्या शेतांत आणि ओढ्याकाठी वाढलेला माणूस.

माती_आणि_रेघा | 11 जानेवारी, रात्री 9:45

बिशन मी पाहिलंय. काठावर बसून मुलं पाण्यात पाय सोडतात ते पाहून गळा दाटून आला होता. पण ते जसंच्या तसं इथं आणता येणार नाही. सिंगापूरला आपल्या तिप्पट पाऊस, तोही बाराही महिने. आपला पाऊस तीन-साडेतीन महिन्यांत आणि त्यातलाही मोठा वाटा मोजक्या दिवसांत. तिथून एकच गोष्ट घ्यायची: नदीला रुंदी परत दिली. बाकी झाडं, गवत, पाण्याची खोली, सगळं आपलं.

स्पंजचीही मर्यादा सांगून ठेवते, नाहीतर लोक नंतर आपल्यालाच धरतात. चीनमधलं झेंगझोऊ या कामात पुढे होतं. 20 जुलै 2021 ला तिथं एका तासात 200 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला आणि शहर बुडालं. तुमचे खळगे नेहमीचा पाऊस जिरवतील. ढगफुटीसारखा आला तर त्याला जायला उघडा, रुंद ओढाच लागेल. म्हणून दोन्ही हवंत.

घनवनाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, कुणाला पटणार नाही कदाचित. अकिरा मियावाकी मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांची पद्धत जपानमधल्या, भरपूर पावसाच्या जंगलांच्या अभ्यासातून आलेली. आपल्या भागात मुळात बराचसा माळ होता: गवत, मधे हिवर, खैर, बोर, बाभूळ, पळस, लांब लांब. चौरस मीटरला तीन-चार झाडं हे या मातीचं चित्र नाही. पहिली दोन-तीन वर्षं भरपूर पाणीही लागतं. रस्त्याच्या बाजूला धूळ अडवायला दहा फुटांचा पट्टा करायचा असेल तर जरूर करा. सगळी जागा त्यात घालू नका. मुलं खेळणार कुठे, आणि टिटवी अंडी कुठे घालणार?

निवृत्त_मास्तर | 12 जानेवारी, सकाळी 7:20

हे सगळं वाचतो आहे. बरंचसं पटायला लागलं आहे. पण एक गोष्ट कुणी बोलत नाही. लॉन नाही, तर मार्च ते जून तुमची ही बाग पिवळी आणि करपलेली दिसणार. लोक म्हणतील, पैसे कुठे गेले? त्याला उत्तर काय?

काळीभोर_रान | 12 जानेवारी, दुपारी 2:00

मास्तर लाखातलं इचारलं.

गवत पिवळं पडणारच. ते मेलेलं नसतंय, मुळात जीव धरून ऱ्हातंय. रोहिणीचा पैला सडाका पडला की आठ दिवसात हिरवं. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, शहरातल्याला लागतंय. पर उन्हाळ्यात बघायला काहीतरी पायजे हे खरंय, म्हणून झाडं तशी लावायची.

माझ्याकडं चोपडीत लिहून ठेवलेलं हाय. माघात काटेसावर फुलती, पान एक नाही, नुसती लाल फुलं, मैना-साळुंक्या दिवसभर तिथंच. मग पळस, पांगारा. पाडव्याच्या टायमाला कडुनिंबाला फुलोरा, संध्याकाळी त्याचा वास येतो त्याला अत्तर काय करील. चैतात करंजाला नवी पालवी, पोपटी, अन् वैशाखात त्याच्याखाली गच्च सावली. भर उन्हात जवा काहीच फुलत नाही तवा बहावा पिवळाधमक. बोरं थंडीत. जांभळं मिरगाच्या तोंडाला. उंबर बाराही महिने कुणाला ना कुणाला खाऊ घालतंय, पर ते ओढ्याच्या काठाला लावा, घरापासून लांब, मुळ्या पाणी हुडकत जातात.

पिवळ्या गवतावर लाल पळस कसा दिसतो ते एकदा बालाघाटात फेब्रुवारीत येऊन बगा. हिरव्या लॉनवर तसा दिसणार नाही.

रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत मिळतात. लहान रोप घ्या, पिशवीत मुळी गुंडाळलेलं मोठं घेऊ नका. मिरगात लावा. पैले दोन उन्हाळे मडकं पुरून पाणी द्या, बुंध्यापाशी पालापाचोळ्याचं आच्छादन. तिसऱ्या वर्सी सोडून द्या, त्याचं ते बघतंय.

सुगरण | 12 जानेवारी, रात्री 8:30

फक्त एवढंच: ओढ्यावर झुकलेली बाभूळ असेल तर ती तोडू देऊ नका. सुगरणी पाण्यावर झुकलेल्या काटेरी फांदीलाच खोपे बांधतात, साप-खार चढू नये म्हणून. ती एक फांदी गेली की सुगरणींची वसाहत दुसरीकडे जाते.

मोकळी_जागा | 19 जानेवारी, रात्री 11:05

खड्डे खणले. मी, माझे मिस्टर, समोरचे पाटील काका आणि क्रिकेटची पोरं. पोरांना फार मजा आली.

वरच्या कोपऱ्यात अडीच फूट काळी माती. पाणी भरलं, रात्रभरात जेमतेम बोटभर उतरलं. तिथंच चार फुटांवर मुरूम लागला, त्यात भरलेलं पाणी दोन तासांत गायब. मधल्या खड्ड्यात दीड फुटावरच मुरूम. ओढ्याच्या काठाला गाळ आणि विटांचे तुकडे, कुणीतरी पूर्वी भराव टाकलेला.

गाव नकाशाही मिळाला. ओढा आज दिसतो त्याच्या दुपटीहून रुंद आहे. पाटील काका त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या कंपाउंडची भिंत त्या रेषेच्या आत येते. काहीच बोलले नाहीत. मीही नाही बोलले.

मोरीच्या पाण्याचं काय करू? दोन गल्ल्या, चाळीसेक घरं.

माती_आणि_रेघा | 20 जानेवारी, सकाळी 6:50

आधी मागणी अशी करा की ती चाळीस घरं मुख्य ड्रेनेजला जोडून द्या. ते झालं तर उत्तम.

नाहीच झालं तर पाणकणीस आणि कर्दळीचा गाळणवाफा. खडीनं भरलेला उथळ वाफा, त्यात ही झाडं, पाणी खडीच्या आतून सावकाश जातं, वर दिसत नाही म्हणून डासही नाहीत. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं 'फायटोरिड' याच तत्त्वावर चालतं. माणशी एक ते दोन चौरस मीटर धरा. चाळीस घरांची दोनशे माणसं, म्हणजे दोन ते चार गुंठे. तुमच्या जागेत बसतं. पण त्याच्या आधी गाळ बसायला टाकी हवी आणि ती वेळच्या वेळी उपसणारा माणूस हवा. माणूस नसेल तर हा वाफा करू नका. तुंबलेला गाळणवाफा उघड्या मोरीपेक्षा वाईट.

मोकळी_जागा | 26 जानेवारी, दुपारी 4:20

काल बैठक झाली. जसं झालं तसं लिहिते.

बैठकीच्या आदल्या सकाळी तीन बाभळी तोडून झाल्या होत्या. अर्ज दिलेला होता, तरी. ओढ्यावर झुकलेली वाचली, कारण तिथपर्यंत मशीन पोचत नव्हतं. मी तिथं उभी राहून रडले, बैठकीत मात्र रडले नाही.

19 लाख लिटरचा हिशोब वाचून दाखवला तेव्हा शांतता पसरली. लातूरच्या रेल्वेचं नाव काढलं की आमच्या वयाची सगळी माणसं ताठ बसतात. अभियंता साहेब तरुण होते, त्यांनी खड्ड्यांचा कागद मागून घेतला आणि स्वतः जागेवर आले. त्यांचा प्रश्न एकच होता: पाच वर्षं याची देखभाल कोण करणार, नाव द्या. नऊ जणांनी नावं दिली. त्यात पाटील काका पहिले.

ठरलं ते असं. ओढा उघडा राहणार, काठ दगडी टप्प्यांचा. कारंजं रद्द. कोनोकार्पस रद्द. लॉनऐवजी दोन गुंठे हरळी, लहान लेकरांसाठी, तीही उन्हाळ्यात पाणी न देता. फरशीचा चार फुटी फेरा राहिला, आणि तो मला आता योग्यच वाटतो. फाटकापाशी पार्किंगचे पेव्हर मात्र टळले नाहीत, तीन गुंठे गेले. ओढ्याला जुनी रुंदी मिळाली नाही, फक्त आमच्या जागेच्या बाजूनं पाच मीटर मिळाली. ड्रेनेजची जोडणी 'पुढच्या टप्प्यात'. गाळणवाफ्याला माणूस मिळाला नाही, म्हणून तो मीच मागे घेतला.

निवृत्त_मास्तर | 26 जानेवारी, संध्याकाळी 5:00

बाई, पाच मीटर पुष्कळ झाले. तुमचा खड्ड्यांचा कागद मला पाठवता येईल का? आमच्या पेव्हरच्या बागेतली एक बाजू उखडायला आली आहे, तिथं काय करता येईल ते बघतो.

मोकळी_जागा | 14 जून, सकाळी 7:40

काल संध्याकाळी पहिला मोठा पाऊस झाला. तासाभरात धुवून काढलं. तिन्ही खळगे भरले. मधला रात्रीच रिकामा झाला. वरच्यात, जिथं आम्ही मुरमापर्यंत जाऊन दगड भरले होते, आत्ता घोट्याएवढं पाणी आहे. ओढ्याचं पाणी क्रिकेटच्या पट्ट्यावर दोन हात चढलं आणि उतरलं, मागे बारीक गाळाचा थर ठेवून गेलं. पोरं नाराज आहेत, स्टंपच्या खुणा गेल्या.

82 रोपं आज लावतोय. करंज, बहावा, पळस, कडुनिंब, काठाला जांभूळ आणि वाळुंज. वाळा कळंबहून आला, दादांनी पैसे घेतले नाहीत.

एक अडचण. ट्रॅकच्या वळणावर मुरूम वाहून गेलाय, वीतभर घळ पडलीय. काय करू?

काळीभोर_रान | 14 जून, सकाळी 8:10

वळणाच्या वरच्या अंगाला पाण्याला आडवी दगडाची ओळ बसवा, हातभर रुंद, जमिनीच्या बरोबरीनं, वर काढू नका. पाणी तिथं पसरू द्या. खालच्या अंगाला वाळ्याची एक रांग, वीत-वीत अंतरावर. घळीत नुसता मुरूम भरू नका, पुन्हा जाईल. मी रविवारी येतो, दगड तेवढे गोळा करून ठेवा.